तान्ह्या बाळासाठी मेंबरशिपचा डॉक्टर: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

प्रश्न आलाय नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीहून. पहिलंच बाळ, तेहतिसावा आठवडा चालू, तारीख नोव्हेंबरच्या अखेरची. इन्शुरन्स नवऱ्याच्या कंपनीचा, मोठ्या डिडक्टिबलचा (म्हणजे वर्षाला ठराविक मोठी रक्कम आधी स्वतः भरायची, मग इन्शुरन्स देणार), सोबत एचएसए, म्हणजे औषधपाण्यासाठी करमुक्त पैसे साठवायचं खातं. घराजवळ एका पीडियाट्रिशनने नवा दवाखाना काढलाय. ती इन्शुरन्स घेतच नाही. पहिल्या वर्षी महिना १५० डॉलर, नंतर ९०, आणि सुरुवातीला नोंदणीचे १००. त्यात हव्या तितक्या भेटी, थेट डॉक्टरला मेसेज, पहिल्या आठवड्यात घरी येऊन तपासणी. पुण्याहून सासूबाईंचं म्हणणं, "इन्शुरन्स असताना वर पैसे कशाला?" आणि तुमचा प्रश्न: हे फॅड आहे की खरंच उपयोगाचं?

आधी उत्तर देते. तुमच्या परिस्थितीत पहिल्या वर्षापुरतं घ्यायला हरकत नाही, पण "लशींचं काय करता?" या प्रश्नाचं त्या डॉक्टरकडे चोख उत्तर असेल तरच. उत्तर गुळमुळीत मिळालं तर बाकी कितीही आवडलं तरी नको. आणि बाळाचा इन्शुरन्स कुठल्याही परिस्थितीत सोडायचा नाही.

हेही सांगून टाकते की मी स्वतः दुसऱ्या एका राज्यात असाच दवाखाना चालवते. त्याआधी बरीच वर्षं इन्शुरन्सवर चालणाऱ्या मोठ्या ग्रुपमध्ये होते. तेव्हा माझ्या बोलण्यातली पावशेर वकिली आपापल्या परीने वजा करून घ्या.

या पद्धतीला इथे डायरेक्ट प्रायमरी केअर म्हणतात, बोलताना डीपीसी. महिन्याला ठरलेली रक्कम थेट डॉक्टरला द्यायची, इन्शुरन्स कंपनीला डॉक्टर बिल पाठवतच नाही. श्रीमंतांसाठीचं जे 'कॉन्सिएर्ज' प्रकरण आहे ते वेगळं. तिथे बहुतेक वेळा डॉक्टर वर्गणीही घेतो आणि इन्शुरन्सलाही बिल लावतो. खरं तर आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. सांगलीत, नाशकात, डोंबिवलीत आपण बालरोगतज्ज्ञाला टेबलावर पैसे देऊनच मोठे झालो. फरक इतकाच की इथे दर भेटीला न देता महिन्याला द्यायचे.

पण ही मेंबरशिप म्हणजे इन्शुरन्स नव्हे, आणि बऱ्याच राज्यांच्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. बाळाला कावीळ वाढून हॉस्पिटलात ठेवावं लागलं, एनआयसीयूत, म्हणजे तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता विभागात, दोन दिवस गेले, रात्री इमर्जन्सी रूम गाठावी लागली, तर त्यातला एक डॉलरही या १५० मधून जात नाही. म्हणून बाळंतपणाच्या धांदलीत एक काम विसरू नका. जन्मापासून ३० दिवसांच्या आत कंपनीच्या एचआरला कळवून बाळाचं नाव प्लॅनमध्ये घाला. मुदतीत घातलं तर संरक्षण जन्मतारखेपासून धरलं जातं. मुदत हुकली तर साधारणपणे पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत, म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या नोंदणीच्या काळापर्यंत, थांबावं लागतं. सोशल सिक्युरिटी नंबर यायला वेळ लागतो, पण त्याची वाट बघत बसू नका, तो मागाहून देता येतो.

आता १५० डॉलरमध्ये नेमकं मिळतं काय? माझ्या मते खरा माल पहिल्या पंधरा दिवसांत आणि नंतर रात्री-अपरात्रीच्या मेसेजमध्ये आहे.

हॉस्पिटलमधून तुम्हाला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात, सिझेरियन असेल तर तिसऱ्या-चौथ्या. पहिली तपासणी तिसऱ्या ते पाचव्या दिवसात व्हायला हवी. नेमकी तेव्हाच कावीळ चढत असते, दूध उतरायला लागलेलं असतं किंवा उतरलेलं नसतं, आणि बाळाचं वजन जन्माच्या वजनापेक्षा कमी झालेलं असतं. सात टक्क्यांपर्यंत घट सहसा चालते. दहाच्या आसपास गेली की दुधाची गाडी कुठे अडलीय ते शोधावंच लागतं. नेहमीच्या दवाखान्यात या भेटीला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्यात नर्सने वजन घेतलं, डॉक्टरने डोळे-छाती-पोट-नितंबाचे सांधे बघितले, "वजन थोडं कमी आहे, दोन दिवसांनी परत या" म्हटलं की वेळ संपली. त्यात कुणाची चूक नसते. बाहेर पाच बाळं ताटकळत असतात.

मी घरी जाते तेव्हा काय करते ते सांगते, म्हणजे फरक लक्षात येईल. बाळाला पूर्ण उघडं करून डायपरशिवाय वजन घ्यायचं. मग पाजण्याआधी एक वजन, पाजून झाल्यावर दुसरं, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. मधला फरक म्हणजे पोटात गेलेलं दूध. चौथ्या दिवशी वीस मिनिटं चोखून काटा पाच ग्रॅमच पुढे सरकला, तर बाळ नुसतं चघळतंय, गिळत नाहीये. मग पकड बघायची, हनुवटी कुठे टेकतेय, आईचा खांदा का वर चढलाय, गिळल्याचा आवाज येतोय का. कावीळ बघायची ती खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, आणि नुसत्या डोळ्यांवर कधीच विसंबायचं नाही. आपल्या सावळ्या कातडीत पिवळेपणा लपतो. कातडीवर टेकवायच्या यंत्राने किंवा टाचेतून थेंबभर रक्त घेऊन बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, मोजायचं आणि बाळाचं वय तासांत धरून तक्त्याशी ताडायचं. हे सगळं शांतपणे करायला तास लागतो. मेंबरशिपचे पैसे मुख्यतः या तासाचे आहेत.

त्या तासात आजीशीही बोलणं होतं, आणि ते माझ्या लेखी फार मोलाचं आहे. सासूबाई सहा महिने येणार म्हणालात. त्या मालिश करतील, शेक देतील, तुम्हाला डिंकाचे लाडू घालतील, उत्तमच. पण मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत अजिबात नाही, कारण बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. साखरपाणी नाही, साधं पाणीही सहा महिन्यांपर्यंत नाही. कावीळ उतरावी म्हणून उन्हात ठेवणं हा उपचार होत नाही. विकतचं काजळ-सुरमा नको, त्यात शिसं सापडलेलं आहे. आणि झोपवायचं ते पाठीवरच, मऊ गोधडी, उशी, मोहरीची उशी काही नको. सून हे सांगते तेव्हा भांडण होतं, डॉक्टर मराठीत सांगते तेव्हा होत नाही. तुमची डॉक्टर मराठी बोलणार नाही, पण तिच्याकडे आजीच्या प्रश्नांना उत्तर द्यायला वेळ असेल.

मेसेजची सोय मात्र जरा चौकसपणे घ्या. नेहमीच्या दवाखान्याचं उत्पन्न भेटीवर असतं, म्हणून ते फोनवर फारसं सांगत नाहीत, "घेऊन या" म्हणतात. मेंबरशिपमध्ये उलटं होतं. पैसे आधीच आलेले असतात, तेव्हा प्रत्येक भेट डॉक्टरच्या वेळेवर खर्च. त्यामुळे "फोटो पाठवा, बघते" हे उत्तर फार सोपं पडतं. पुरळ फोटोत दिसतो, शीचा रंग दिसतो. कान फोटोत दिसत नाही, छातीतली घरघर ऐकू येत नाही. चांगली डॉक्टर दहापैकी सात गोष्टी मेसेजवर मिटवते आणि उरलेल्या तिनांना त्याच दिवशी बोलावते. ती बोलावतच नसेल तर काहीतरी बिनसलंय. म्हणून विचारा, सध्या एकूण किती मुलं नोंदलेली आहेत आणि किती झाली की नोंदणी बंद करणार. नेहमीच्या दवाखान्यात एका डॉक्टरमागे दीड-दोन हजार मुलं असणं नेहमीचं आहे. डीपीसीत हा आकडा काही शेकड्यांत असायला हवा, नाहीतर तुम्ही पैसे मोजताय कशाचे? एकटी डॉक्टर असेल तर ती सुट्टीवर किंवा आजारी असताना कोण बघतं, हेही विचारा. "मी कायम उपलब्ध असते" हे काही उत्तर नव्हे. माणूस कायम उपलब्ध नसतो.

आता लशी. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लहान मुलांची डीपीसी अडते ती इथेच. मोठ्यांच्या डीपीसीत हा गुंता जवळपास नसतो, त्यामुळे ऑफिसातला कुणी "माझं तर मस्त चाललंय" म्हणाला तरी त्याचा अनुभव तुम्हाला लागू नाही.

तुमच्या इन्शुरन्समध्ये बाळाच्या नियमित तपासण्या आणि शिफारस केलेल्या लशी नेटवर्कमधल्या, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार असलेल्या, डॉक्टरकडे पूर्ण फुकट आहेत. डिडक्टिबल कितीही मोठं असलं तरी, को-पेसुद्धा (दर भेटीला द्यायची ठरलेली रक्कम) नाही. पहिल्या वाढदिवसापर्यंत अशा सात भेटी होतात: पहिल्या आठवड्यात एक, मग पहिला, दुसरा, चौथा, सहावा, नववा आणि बारावा महिना. डीपीसीची डॉक्टर कुठल्याच नेटवर्कमध्ये नसते. म्हणजे जे फुकट मिळत होतं ते तुम्ही विकत घेताय. तपासणीच्या बाबतीत ठीक आहे, तास मिळतो म्हणून घेतलं. लशींच्या बाबतीत मात्र हा आकडा अंगावर येतो. न्यूमोनियाच्या जंतूवरच्या न्यूमोकोकल लशीचा एक डोस खाजगी दराने दोनशे डॉलरच्या वर जातो. दोन महिन्यांच्या एका भेटीत त्यासोबत पाच-सहा रोगांची एकत्र लस आणि जुलाबांवरचे रोटाव्हायरसचे थेंब धरले तर चारशे-पाचशेच्या घरात सहज बिल होतं. चौथ्या आणि सहाव्या महिन्यात जवळपास तेच पुन्हा.

त्यात एक विचित्र गंमत आहे. अमेरिकेत १९९४ पासून 'व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन' नावाची सरकारी योजना आहे. मेडिकेडवरच्या (कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) किंवा अजिबात इन्शुरन्स नसलेल्या मुलांना त्यातून लस फुकट मिळते, टोचण्याचा थोडा खर्च तेवढा लागू शकतो. डीपीसीची डॉक्टर या योजनेत नोंदवून घेऊ शकते. पण तुमच्या बाळाला लशी देणारा इन्शुरन्स आहे, म्हणून ते या योजनेत बसत नाही. म्हणजे बिनइन्शुरन्सचं मूल सुटतं आणि इन्शुरन्सवाल्याची पंचाईत.

यावर दवाखाने वेगवेगळ्या वाटा काढतात. सर्वांत चांगली म्हणजे एखादी लस पुरवणारी कंपनी डॉक्टरच्या फ्रिजमध्ये आपला साठा ठेवते आणि लशीपुरतं बिल स्वतःच तुमच्या इन्शुरन्सला लावते. तुम्हाला काही द्यावं लागत नाही आणि बाळाला दुसरीकडे न्यावं लागत नाही. दुसरी वाट, डॉक्टर लस खरेदीच्या किमतीत देते आणि तुमच्या हाती एक बिल ठेवते, ते तुम्ही इन्शुरन्सला पाठवायचं. पैसे परत येतीलच असं नाही. नेटवर्कबाहेरचं म्हणून नाकारतात किंवा डिडक्टिबलमध्ये टाकतात. तिसरी, "काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) हेल्थ डिपार्टमेंटमध्ये जा." तिथला साठा बराचसा त्या सरकारी योजनेचा असतो, तेव्हा आधी फोन करून इन्शुरन्सवाल्या बाळाला देतात का ते विचारावं लागतं. चौथी, "फार्मसीत घ्या." बहुतेक ठिकाणी फार्मसीत वयाची अट असते, तान्ह्या बाळाला तिथे टोचत नाहीत, हे सांगणाऱ्या डॉक्टरलाही माहीत असतं. पाचवी वाट बरीच घरं गुपचूप अवलंबतात: लशी आणि ठरलेल्या तपासण्या नेटवर्कमधल्या दवाखान्यात फुकट, आणि बाकी सगळं मेंबरशिपच्या डॉक्टरकडे. यात वावगं काही नाही, फक्त दोघींनाही एकमेकींबद्दल सांगा आणि कागद दोन्हीकडे पोचू द्या.

तुमच्या डॉक्टरला विचारायचं ते असं: "आमचा अमुक कंपनीचा प्लॅन आहे. दोन महिन्यांच्या भेटीला बाळाच्या लशी तुमच्याच दवाखान्यात टोचल्या जातील का, आणि त्या दिवशी आमच्या खिशातून किती जातील?" या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळायला हवं.

याच संदर्भात दुसरीही गोष्ट चाचपून बघा. इन्शुरन्सबाहेरच्या काही दवाखान्यांत लस टाळणाऱ्या किंवा लांबवणाऱ्या पालकांची गर्दी असते, आणि एखादी डॉक्टर त्यांना धरून ठेवण्यासाठी "तुमच्या कलाने घेऊ" म्हणते. पालकांशी धीराने बोलणं वेगळं आणि वेळापत्रक वाऱ्यावर सोडणं वेगळं. २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासात गोवराची साथ पसरली, एकट्या टेक्सासात ७६२ रुग्ण सापडले आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुलं दगावली. वर्षाच्या आतल्या बाळाला गोवराची नेहमीची लस मिळालेलीच नसते, ते प्रतीक्षालयात शेजारी बसलेल्या मुलांच्या लशींवर अवलंबून असतं. म्हणून तुमच्याकडची किती मुलं वेळेवर लशी घेतात, हे विचारायला लाजू नका.

आणि एक काम याच महिन्यात उरकता येईल, ते तुमच्या गायनॅककडे. आरएसव्ही नावाच्या विषाणूने हिवाळ्यात तान्ह्या बाळांची छाती भरते. त्यावर दोन उपाय आहेत, सहसा त्यातला एकच लागतो. आईने बत्तीस ते छत्तीस आठवड्यांत, सप्टेंबर ते जानेवारीच्या काळात लस घ्यायची, किंवा जन्मानंतर बाळाला तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन द्यायचं. बाळाचं हे इंजेक्शन २०२३ मध्ये आलं तेव्हा त्याची खाजगी किंमत ४९५ डॉलर होती. तुम्ही तेहतिसाव्या आठवड्यात आहात. तुम्हीच लस घेतलीत आणि बाळ त्यानंतर किमान चौदा दिवसांनी जन्मलं, तर बहुतेक बाळांना ते इंजेक्शन लागत नाही. पण दोन्हींत काहीच न घेता "डीपीसीची डॉक्टर बघेल" म्हणून थांबू नका. घेतली नाहीत तर हॉस्पिटलमधून घरी जाण्याआधीच बाळाला इंजेक्शन मिळेल का, ते तिथेच विचारा.

आता हिशेब, सासूबाईंसाठी. पहिल्या वर्षाचे बारा महिने १५० प्रमाणे १,८०० आणि नोंदणीचे १००, म्हणजे १,९०० डॉलर. समोर नेहमीचा दवाखाना: सात तपासण्या शून्य, लशी शून्य. आजारपणाच्या भेटी मात्र तुमच्या प्लॅनमध्ये डिडक्टिबल भरेपर्यंत खिशातून. एका भेटीचे साधारण दीडशे धरू. आजीकडे घरीच राहणारं बाळ वर्षात दोन-तीनदा आजारी पडेल, म्हणजे तीनशे ते साडेचारशे. डेकेअरला जाणारं दहादा पडेल, म्हणजे दीड हजार. त्यात एखाद-दुसरी अर्जंट केअरची, म्हणजे वेळेबाहेर उघड्या असणाऱ्या तातडीच्या दवाखान्याची, रात्र टळली तर डेकेअरवाल्यांची बरोबरी होते. घरी राहणाऱ्यांची होत नाही. तेव्हा "पैसे वाचतात" म्हणून कुणी ही मेंबरशिप विकत असेल तर इन्शुरन्सवाल्या घरासाठी ते खरं नाही. सासूबाईंचं पैशांपुरतं बरोबर आहे. तुम्ही जादा पैसे देऊन वेळ विकत घेणार आहात, आणि तसं समजूनच घ्या.

यात तुमच्यासाठी दोन बारकावे आहेत. बाळंतपण नोव्हेंबरात झालं की त्या वर्षाचं कुटुंबाचं डिडक्टिबल बहुधा तिथेच भरून जातं, म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंत आजारपणाची भेटही नेटवर्कमध्ये स्वस्त पडेल. प्लॅन कॅलेंडर वर्षाचा असेल तर १ जानेवारीला पाटी कोरी होते, आणि सर्दी-खोकल्याचे महिने तेव्हाच असतात. दुसरा बारकावा एचएसएचा. १ जानेवारी २०२६ पासून कायदा बदललाय. आधी स्वतःसाठी अशी मेंबरशिप घेतली की एचएसएत पैसे टाकण्याच्या पात्रतेवरच प्रश्न यायचा. आता एका व्यक्तीसाठी महिना १५० आणि एकाहून जास्त असतील तर ३०० डॉलरपर्यंतची वर्गणी चालते, आणि ती एचएसएतून भरताही येते. पण ठरलेली नियमित वर्गणी हाच त्या सेवेचा एकमेव मोबदला असावा, अशी अट आहे. तुमचे १५० अगदी काठावर बसतात. नोंदणीचे १०० आणि दुसरं काही वेगळं आकारत असतील तर ते कसं धरायचं, हे तुमचा टॅक्स बघणाऱ्याला विचारून मगच एचएसएचं कार्ड पुढे करा.

काही घरांनी या वाटेला जाऊच नये. मूल मेडिकेडवर असेल तर नको. तिथे सगळंच जवळपास फुकट आहे, आणि मेडिकेडमध्ये न नोंदलेल्या डॉक्टरने लिहून दिलेल्या तपासण्यांचे पैसे मेडिकेड देत नाही. प्लॅन एचएमओ असेल, म्हणजे नेटवर्कमधल्याच डॉक्टरच्या चिठ्ठीवर तज्ज्ञ मिळत असेल, तर डीपीसीच्या चिठ्ठीचा उपयोग नाही. बाळ फार लवकर जन्मलं किंवा हृदयाचा, चयापचयाचा काही मोठा आजार निघाला, तर एकट्या डॉक्टरपेक्षा मोठ्या मुलांच्या हॉस्पिटलशी जोडलेला दवाखाना बरा, कारण तिथे सहा तज्ज्ञांचे कागद एका ठिकाणी दिसतात. तेव्हा मेंबरशिप ठेवलीत तर ती वरचा आधार म्हणून.

आणि कुठलीही मेंबरशिप असो, हे फ्रिजवर लिहून लावा: पहिल्या दोन महिन्यांत गुदद्वारातून घेतलेलं तापमान १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरलं, की सरळ मुलांच्या इमर्जन्सी रूमला जायचं. मेसेज पाठवून उत्तराची वाट बघायची नाही. निघालो असं गाडीतून कळवा, म्हणजे डॉक्टर तिकडे फोन करून ठेवेल. त्या वयात ताप हे एकच लक्षण गंभीर जंतुसंसर्गाचं असू शकतं, आणि रक्त, लघवी, काही वेळा पाठीतलं पाणी तपासावं लागतं. घरी येणाऱ्या कुठल्याच डॉक्टरच्या पिशवीत ते बसत नाही. निळसर ओठ, श्वास ओढताना बरगड्या आत जाणं, हलवूनही नीट जाग न येणं यासाठी ९११.

आपल्या लोकांना मेंबरशिपचा उपयोग होतो अशी आणखी एक जागा म्हणजे भारताची वारी. आठव्या-नवव्या महिन्यात बाळाला घेऊन पुण्याला जायचं ठरलेलंच असेल. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेशी जाण्याआधी गोवराच्या लशीचा, म्हणजे एमएमआरचा, एक जादा डोस देतात. तो मोजत नाहीत, वर्षानंतरचे दोन पुन्हा द्यावेच लागतात. हिपॅटायटिस ए चंही तसंच. मलेरियाची प्रतिबंधक गोळी वजनावर ठरते. टायफॉइडची इथे मिळणारी लस दोन वर्षांच्या पुढची आहे. भारतात मात्र सहा महिन्यांपासून देता येणारी आहे, तेव्हा ती तिथे पोचल्यावर तिथल्या बालरोगतज्ज्ञाकडे घेता येते. मग आजोबा विचारतात, "बीसीजी का नाही दिली?" अमेरिकेत ती सर्रास देत नाहीत. हे सगळं पंधरा मिनिटांच्या भेटीत बसत नाही, आणि निघायच्या चार-सहा आठवडे आधी बोलून झालेलं हवं. तिकडे असताना रात्री अडीच वाजता जुलाब सुरू झाले तर इथल्या डॉक्टरला मेसेज जरूर करा, पण ती दुसऱ्या देशात बसून औषध लिहून देणार नाही. तिथला डॉक्टर आधीच बघून ठेवा. सासूबाई इकडे येणार असतील तर त्यांनी निघण्याआधी किमान दोन आठवडे डांग्या खोकल्याची मोठ्यांची लस आणि फ्लूची लस तिथेच घेऊन यावी.

मग बोलण्याचा विषय येतो. घरात मराठी, डेकेअरमध्ये इंग्रजी, आणि मूल दीड वर्षाचं झालं तरी चार शब्द. "दोन भाषांमुळे उशीर होतोय, बोलेल हळूहळू" हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय की आता रागही येत नाही. दोन भाषांमुळे उशीर होत नाही. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजायचे, आणि तरी कमी भरले तर कान तपासायचे, विकासाची चाचणी करायची. तास असलेली डॉक्टर हे नीट करू शकते. पण त्यासाठी मेंबरशिप हवीच असं नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्रत्येक राज्यात अर्ली इंटरव्हेन्शनचा, म्हणजे वाढीतली अडचण लवकर हेरून मदत करण्याचा, कार्यक्रम आहे, तिथली प्राथमिक तपासणी फुकट असते आणि पालक स्वतः फोन करून मागू शकतात.

करारावर सही करण्याआधी बाहेर पडण्याचं कलम वाचा. किती दिवसांची नोटीस, वर्षभराचे आगाऊ भरले तर उरलेले परत मिळतात का, सोडून पुन्हा आलात तर नोंदणी पुन्हा लागते का. डॉक्टर अमेरिकन बोर्ड ऑफ पीडियाट्रिक्सची प्रमाणित आहे का, तेही बघून घ्या, कारण डीपीसीत फॅमिली फिजिशियन आणि नर्स प्रॅक्टिशनरही मुलं बघतात. ते वाईट असतात असं नाही, पण पहिल्या महिन्यातल्या बाळासाठी माझा कल पीडियाट्रिशनकडे आहे. तुम्ही एच-१बी वर असाल तर आणखी एक विचार. नोकरी बदलली की इन्शुरन्स बदलतो, नेटवर्क बदलतं, आणि कितीदा तरी डॉक्टरही बदलावा लागतो. मेंबरशिपची डॉक्टर तीच राहते. नोकरी गेलीच तर मात्र "डॉक्टर तर आहे" म्हणून बाळाला बिनइन्शुरन्सचं ठेवू नका. कोब्रा (नोकरी गेल्यावर कंपनीचाच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवण्याची सोय) महाग वाटलं तरी त्याचा आणि मार्केटप्लेसचा, म्हणजे स्वतः इन्शुरन्स विकत घ्यायच्या सरकारी बाजाराचा, भाव त्याच आठवड्यात काढा. मार्केटप्लेससाठी ६० दिवसांची खिडकी असते.

दुसऱ्या वाढदिवसाला पुन्हा हिशेब मांडा. तोवर तपासण्या वर्षाला एक-दोनवर आलेल्या असतात, ताप कधी घाबरण्यासारखा आणि कधी नाही हे तुम्हालाच कळायला लागलेलं असतं, आणि निरोगी मुलासाठी महिना ९० डॉलर मला तरी जास्त वाटतात. दमा, खाज, अन्नाची अ‍ॅलर्जी असं सतत काही चालू असेल तर ठेवा. नाहीतर नेटवर्कमधल्या चांगल्या दवाखान्यात जा. माझ्याकडची कितीतरी घरं दोन वर्षांनी जातात, आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी परत येतात.

जाताना वाढीचे तक्ते आणि भेटींच्या नोंदी मागून घ्या. आणि जोवर तिथे आहात तोवर प्रत्येक डोस राज्याच्या लस-नोंदणीत, तुमच्याकडे तिला एनसीआयआर म्हणतात, चढवला जातोय का ते अधूनमधून विचारा. नाहीतर डेकेअरच्या पहिल्या दिवशी फॉर्म हातात घेऊन तुम्ही उभे, आणि डॉक्टर सुट्टीवर.